पाहुणी की कामगार?

(महिला कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या सत्राचा विषय फळ्यावर 'परदेशी रोजगार आणि तरुण मुली' असा लिहिलेला आहे. तो वाचून सकाळी चहाच्या वेळी एक जण मला म्हणाली, ''आमच्या वस्तीतल्या मुलींना एसटीच्या पासासाठी भांडावं लागतं, आणि तू अमेरिकेचं काय घेऊन बसलीस?'' प्रश्न रास्त आहे. म्हणून अमेरिकेपासून सुरुवात न करता आपल्या केंद्रापासून करते.

मागच्या वर्षी आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आल्या. मुलगी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला. हातात एजंटाचं रंगीत माहितीपत्रक. त्यावर समुद्र, हसणारी तरुण मुलं आणि मजकूर असा, की कमवा, शिका आणि फिरा. आपल्याकडे 'कमवा आणि शिका' म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. श्रमाला प्रतिष्ठा देणारे ते शब्द. बाई म्हणाल्या, ''ताई, पाठवू का? तिचा भाऊ म्हणतो, मुलीच्या जातीला एवढं लांब कशाला. पण तिची फार इच्छा आहे. तीन लाख मागतायत.''

त्या कागदावरचा 'जे-१' हा शब्द वाचून मी जरा गप्प झाले. कारण तो शब्द माझ्या स्वतःच्या पासपोर्टवर होता. त्या बाईंना मी काय सांगितलं ते शेवटी सांगते. आधी हा व्हिसा काय आहे ते पाहू.

१९६१ साली अमेरिकेने शैक्षणिक आणि सांस्कृतिक देवाणघेवाणीचा एक कायदा केला. परदेशातल्या माणसांनी यावं, शिकावं, आपलं जीवन पाहावं, आणि मैत्री घेऊन परत जावं, हा त्याचा हेतू. त्याखाली दिला जाणारा व्हिसा म्हणजे जे-१. त्यात बरेच प्रकार आहेत. प्राध्यापक, संशोधक, प्रशिक्षणार्थी, घरी राहून मुलं सांभाळणाऱ्या तरुणी. त्यातलाच एक म्हणजे 'समर वर्क ट्रॅव्हल'. परदेशी कॉलेजात पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलामुलींनी मोठ्या सुट्टीत यायचं, जास्तीत जास्त चार महिने हंगामी काम करायचं, आणि मुदत संपल्यावर तीस दिवसांत देश बघून घरी जायचं. त्या तीस दिवसांत काम करायला मात्र मनाई. २०११ सालापासून या प्रकारात वर्षाला १ लाख ९ हजारांची मर्यादा घातलेली आहे. आपल्याकडची हॉटेल मॅनेजमेंटची मुलं बहुधा याच व्हिसाच्या 'इंटर्न' किंवा 'ट्रेनी' प्रकारात जातात. नियम थोडे वेगळे, पण रचना तीच.

ही रचना नीट समजून घ्या. मुलीच्या गावात एजंट असतो. तो पैसे घेतो. अमेरिकेत एक 'प्रायोजक' संस्था असते. व्हिसासाठी लागणारा कागद, ज्याला डीएस-२०१९ म्हणतात, तो ती देते. आणि तिसरा असतो मालक, जो काम देतो. एजंट मुलीकडून पैसे घेतो. प्रायोजकाला मुली हव्यात, तशाच त्यांना कामावर घेणारे मालकही हवेत. तेव्हा मुलीचं आणि मालकाचं भांडण झालं, तर प्रायोजक कोणाच्या बाजूने उभा राहील, हे तुम्हीच ओळखा. आपल्याकडचं कंत्राटी कामगारांचं गणित ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०१८ च्या उन्हाळ्यात मी समाजकार्यकर्त्यांच्या देवाणघेवाणीवर चार महिने अमेरिकेत होते. मेरीलँड राज्यातल्या एका कुटुंब-सल्ला केंद्रात माझी नेमणूक होती. तिथल्या माझ्या वरिष्ठ बाई आठवड्यातून एकदा मला ओशन सिटी नावाच्या गावी घेऊन जायच्या. अटलांटिक महासागराच्या कडेने दहा मैल लांब, चिंचोळी अशी वाळूची पट्टी. हिवाळ्यात वस्ती सात हजारांच्या आसपास, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तीन लाखांच्या घरात माणसं. एवढ्या माणसांच्या चादरी कोण बदलणार? आइस्क्रीम कोण देणार, भांडी कोण घासणार? त्यासाठी दर उन्हाळ्यात तिथे बल्गेरिया, रुमानिया, युक्रेन, तुर्कस्तान, जमैका, थायलंड अशा देशांतून हजारो विद्यार्थी येतात. तिथल्या एका चर्चमध्ये या मुलांसाठी आठवड्यातून एकदा फुकट जेवण असायचं. मी वाढायला उभी राहायचे.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघणार नाही. त्या मुली खूष होत्या. थकलेल्या होत्या, पण खूष. एका बल्गेरियन मुलीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कमाईतून आईसाठी भेट घेतली होती. सप्टेंबरात बसने न्यूयॉर्कला जायचं म्हणून ती डब्यात डॉलर साठवत होती. रात्री अकरा वाजता समुद्रावर एकट्या मुलीने सायकल चालवत जायचं आणि कोणी काही विचारायचं नाही, याचं सुख मला तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. आपण सगळ्या त्या सुखाच्या भुकेल्या आहोत.

त्या बल्गेरियन मुलीच्या खोलीत जमैकाची एक मुलगी राहायची. शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. दोघी एकाच मोटेलात खोल्या साफ करायच्या. दिवसाला पंधरा खोल्या. दोन खोल्यांच्या घरात आठ जणी, आणि प्रत्येकीच्या पगारातून भाड्याचे आठवड्याला ११० डॉलर कापले जायचे. म्हणजे त्या घराचे महिन्याला साडेतीन हजार डॉलरहून जास्त झाले. कागदावर आठवड्याला चाळीस तासांचं काम कबूल केलेलं. जून पावसाचा निघाला, गिऱ्हाईक कमी, तर सव्वीस तासच मिळाले. भाडं मात्र पूर्ण. म्हणून तिने संध्याकाळी एका खानावळीत दुसरं काम धरलं. आठ पदरी हमरस्त्यावरून सायकलने मध्यरात्री घरी. घरी आईने पतपेढीचं कर्ज काढून एजंटाला पैसे दिलेले. ते फेडल्याशिवाय परत जायची तिला लाज वाटत होती.

एक दिवस जेवणानंतर ती मागे रेंगाळली. भांडी पुसता पुसता म्हणाली, की मुकादम खोलीत येतो, दार लोटून घेतो, आणि बिछाना घालताना मागे येऊन उभा राहतो. हात लावतो. एकदा ती ओरडली तेव्हा म्हणाला, ''एक फोन केला तर तुझा व्हिसा रद्द होईल.'' मला तिने विचारलं, ''मिस, मी तक्रार करू का?''

मैत्रिणींनो, मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, अशा प्रकरणांत किती बायकांबरोबर पोलीस चौकीच्या पायऱ्या चढलेली बाई. मी तिला काय सांगितलं असेल? मी म्हटलं, ''सहाच आठवडे राहिलेत. सांभाळून राहा. एकटी खोलीत जाऊ नकोस.''

'सांभाळून राहा.' आपण आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो, की हे दोन शब्द बाईला कधी बोलू नका, कारण त्यांनी जबाबदारी तिच्यावरच येते. तेच शब्द माझ्या तोंडून आले. त्या रात्री मला झोप आली नाही. मग कारण कळलं. मी घाबरले होते. माझ्याही पासपोर्टवर तोच व्हिसा होता. त्यांच्या घरी आपण पाहुणे आहोत, यजमानाच्या घरात भांडण काढायचं नसतं, हे माझ्याही मनात पक्कं बसलेलं होतं. मला माझ्या कामाचा मोबदला मिळत होता, तरी मी उपकाराखाली असल्यासारखी वागत होते. आणि त्या मुकादमाचं बोलणं खोटं आहे, हे शोधायचे कष्टही मी घेतले नव्हते. मालक कामावरून काढू शकतो, पण व्हिसा त्याच्या हातात नसतो. कार्यक्रम थांबवायचा अधिकार प्रायोजकाचा. आणि काम गेलं किंवा बदलायची वेळ आली, तर दुसरं काम शोधायला मदत करणं हे प्रायोजकाचं कर्तव्य आहे. तसा नियमच आहे.

पुढचं काम मी केलं नाही. ते त्या बल्गेरियन मुलीने केलं. त्या वर्षी १ जुलैपासून मेरीलँडचं किमान वेतन ताशी ९ डॉलर २५ सेंटवरून १० डॉलर १० सेंट झालं होतं. चर्चच्या भिंतीवर त्याचं पत्रक लागलेलं. ते वाचून तिने सगळ्यांच्या पगाराच्या स्लिपा मागवल्या. जुलैचा पगार जुन्याच दराने. ताशी ८५ सेंट कमी. चाळीस तासांचे ३४ डॉलर. आठ जणींनी स्लिपा जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि हिशोब करायला बसल्या. पैशांचा हिशोब चालू असताना बाकीचंही बाहेर आलं. मुकादम आणखी दोघींच्या खोलीत जात होता. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याच बाबतीत घडतंय.

पाच जणींनी सही केली. तिघी भ्यायल्या, आणि त्यांना कोणी दोष दिला नाही. प्रायोजक संस्थेला फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, ''तुम्ही पैशांसाठी आलेल्या नाही, सांस्कृतिक अनुभवासाठी आला आहात.'' माझ्या वरिष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, ''आपलं नाव? आजची तारीख मी लिहून घेते.'' मग सगळं लेखी पाठवलं. आठवड्याभरात पगारातला फरक मिळाला. जमैकाची मुलगी आणि आणखी एक, दोघींना दुसऱ्या ठिकाणी काम मिळालं. मुकादम होता तिथेच राहिला. त्याच्याबद्दल लेखी उत्तर कधी आलं नाही. याला मी विजय म्हणणार नाही. पण 'सांभाळून राहा' यापेक्षा ते खूपच बरं होतं.

नंतर वाचन केलं तेव्हा समजलं, की या मुली पहिल्या नव्हत्या. ऑगस्ट २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पामायरा इथे हर्शी चॉकलेटच्या पॅकिंगच्या गोदामात काम करणारे याच व्हिसावरचे विद्यार्थी संपावर गेले. चीन, तुर्कस्तान, युक्रेन, नायजेरिया अशा अनेक देशांची मुलं. यायला त्यांनी तीन ते सहा हजार डॉलर भरलेले. रात्रपाळी, जड खोकी उचलायची, आणि पगारातून भाडं कापून हातात फार थोडं. कंपनी म्हणे, गोदाम आम्ही चालवत नाही. गोदाम चालवणारी कंपनी वेगळी, माणसं पुरवणारी वेगळी, व्हिसाचा कागद देणारी संस्था आणखी वेगळी. या मुलांच्या मागण्यांत एक मागणी अशी होती, की ही कामं स्थानिक कामगारांना चांगल्या पगारावर द्या. परदेशी विद्यार्थी आणि स्थानिक कामगार यांना एकमेकांविरुद्ध वापरलं जातंय, हे त्यांनी ओळखलं होतं. परदेशी विद्यार्थ्याच्या पगारावर मालकाला सामाजिक सुरक्षा आणि वैद्यकीय विम्याचा कर भरावा लागत नाही. तो सव्वासात टक्क्यांहून जास्त असतो. म्हणजे हा विद्यार्थी आधीच स्वस्त.

त्या संपाला नॅशनल गेस्टवर्कर अलायन्स या संघटनेची साथ होती. ही संघटना ज्या लढ्यातून उभी राहिली, त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. २००६ नंतर मिसिसिपी आणि टेक्सासच्या गोद्यांत काम करायला सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि फिटर नेले गेले. व्हिसा वेगळा, पण पद्धत ओळखीची. भरती करणारा एजंट मुंबईचा. ग्रीन कार्डाचं आमिष, आणि माणशी दहा ते वीस हजार डॉलर वसूल. तिथे कुंपणाच्या छावणीत एकेका खोपटात चोवीस माणसं, आणि त्याचंही भाडं पगारातून कापलेलं. २००८ साली ते काम सोडून निघाले, मोर्चा घेऊन वॉशिंग्टनला गेले, उपोषणाला बसले. २०१५ साली न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने त्यांच्यातल्या पाच जणांना १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. त्यांना संघटित करणारे साकेत सोनी मूळचे दिल्लीचे.

हर्शीच्या संपाचा परिणाम झाला. मे २०१२ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने या उन्हाळी कार्यक्रमाचे नियम कडक केले. गोदाम, कारखाना, बांधकाम, शेती ही कामं बंद. खासगी घरातलं घरकाम बंद. मुख्यतः रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत असणारी कामं बंद. प्रायोजकाने दर महिन्याला प्रत्येकाशी संपर्क ठेवायचा. हे नियम मुलांनी संप केला म्हणून आले, हे विसरू नका.

आता मुद्द्यावर येते. हे सगळं घडतं कारण कामाला काम म्हटलं जात नाही. म्हटलं जातं, हा 'अनुभव' आहे, 'देवाणघेवाण' आहे. शब्द बदलला, की हक्क गळून पडतो. याच व्हिसावर अमेरिकन कुटुंबांत राहून मुलं सांभाळणाऱ्या तरुणींना आठवड्याला ४५ तासांपर्यंत कामाचे १९५ डॉलर ७५ सेंट दिले जात. तासाला ४ डॉलर ३५ सेंट पडले. कारण काय, तर ती 'कुटुंबातलीच एक' आहे! या मुली कोर्टात गेल्या आणि २०१९ साली प्रायोजक संस्थांना ६ कोटी ५५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

'कुटुंबातलीच एक' हे शब्द आपल्याला नवे आहेत का? घरकामगार बाईला आपण हेच ऐकवतो. सून घरात राबते तेव्हा ती लक्ष्मी असते. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, 'मानधन' मिळतं. आशा ताई कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका' आहे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं. योजना सुरू झाल्याला तेव्हा ४७ वर्षं होत आली होती. ओशन सिटीतली चादर बदलणारी विद्यार्थिनी आणि आपल्या गावची सेविका, दोघींना एकच वाक्य ऐकवलं जातं, की तुम्ही पैशांसाठी थोड्याच करता?

मग आपण मुलींना काय सांगायचं? जाऊ नका, असं मी सांगणार नाही. अशा गोष्टी ऐकून त्या मुलीचा भाऊ म्हणेल, बघ, मी म्हणत नव्हतो! भीती दाखवून मुलींना घरी बसवणं हे आपल्या चळवळीचं काम कधीच नव्हतं. घरीही मुकादम असतातच.

त्या बाईंना आणि त्यांच्या मुलीला मी समोर बसवून हे सांगितलं. एजंटाच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. कामाचा देकार लेखी मागा. त्यात काम कोणतं, ताशी पगार किती, किमान किती तास, भाडं किती आणि ते पगारातून कापणार का, हे लिहिलेलं हवं. प्रायोजकाचं नाव अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या यादीत आहे का, ते तपासा. एजंटाला दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. तीन लाख कर्जाने आणणार असाल तर ते फिटायला किती तास लागतील, याचा हिशोब आधी करा. गहाण पडलेली मुलगी तक्रार करू शकत नाही. व्हिसाच्या मुलाखतीच्या वेळी कामगारांच्या हक्कांचं एक पत्रक देतात, ते टाकून देऊ नका, वाचा. पासपोर्ट मालकाच्या हाती द्यायचा नाही. कामाचे तास रोज स्वतःच्या वहीत लिहायचे. किमान वेतनाचा कायदा परदेशी विद्यार्थ्यालाही लागू आहे. टिप मिळणाऱ्या कामाला केंद्रीय कायद्यात ताशी फक्त २ डॉलर १३ सेंट चालतात, पण टिप धरून ७ डॉलर २५ सेंट भरले नाहीत, तर फरक मालकाने द्यायचा असतो. आणि पोचल्यावर पहिल्या आठवड्यात बरोबरच्या मुलींच्या स्लिपा बघ. आपली त्यांना दाखव.

मुलीने सगळं वहीत लिहून घेतलं. एजंटाकडे लेखी देकार मागितला तर तो टाळाटाळ करू लागला. तिने पैसे दिले नाहीत. सध्या ती दुसऱ्या संस्थेमार्फत प्रयत्न करते आहे, आणि भावाला कागद ती स्वतः समजावून सांगते.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या तालुक्यात, शहरात असे एजंट आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्या मुली तुमच्याकडे येत नाहीत, कारण त्यांना वाटतं, महिला मंडळ म्हणजे सासरच्या छळाचं काम. कॉलेजात जाऊन एक तास मागून घ्या. हॉटेल मॅनेजमेंट, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना हा हिशोब शिकवा. परदेशातून एखादीचा रात्री फोन आला आणि तिने विचारलं, ''ताई, तक्रार करू का?'' तर माझ्यासारखं उत्तर देऊ नका. तिला आधी विचारा, ''तुझ्याबरोबर आणखी कोण कोण आहे?''